धम्माचं गाणं आणि गीतकाराचं नाव

“ताई, बाबासाहेबांचं काम आहे, त्यात मानधनाचं काय घेऊन बसलात?” जयंतीचा हंगाम जवळ आला की हे वाक्य मला ऐकावं लागतं. म्हणणारी माणसं वाईट नसतात. उन्हातान्हात वर्गणी गोळा करून, मंडपवाला, लाइटवाला, साउंडवाला यांचे पैसे चुकते करून ती माझ्यापर्यंत आलेली असतात. साउंडवाल्याकडून फुकट काम घ्यावं असं त्यांच्या मनातही येत नाही. गीतकाराच्या बाबतीत मात्र ते सहज येतं. शब्द टेम्पोत भरून आणावे लागत नाहीत, म्हणून असेल.

मी भीमगीतं आणि बुद्धगीतं लिहिते. मूळची मनमाडची. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते आणि गायन पार्टीत पेटी वाजवायचे. आता मी कल्याणला राहते. गाणी लिहू पाहणारी नवी मुलंमुली भेटतात तेव्हा त्यांच्या दोन शंका असतात. पहिली, ओळखीपाळखी काढत फिरणं मनाला पटत नाही. गाणं चांगलं असेल तर ते आपोआप पोचायला नको का? दुसरी जरा दबक्या आवाजात येते. बुद्धानं तर ‘मी’ आणि ‘माझं’ सोडायला सांगितलं, मग गाण्यावर आपलं नाव असावं असं वाटणं धम्माला धरून आहे का? दोन्ही प्रश्न मला मनापासून महत्त्वाचे वाटतात, आणि माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

पहिल्या शंकेसाठी मी मेघियाची गोष्ट सांगते. ती ‘उदान’ या पाली ग्रंथात आहे. बुद्ध चालिका पर्वतावर राहत होते, मेघिय त्यांच्या सेवेत होता. एके दिवशी भिक्षेहून परतताना त्याला किमिकाळा नदीच्या काठी एक आमराई दिसली. इतकी रम्य जागा, इथं एकट्यानं बसून ध्यान केलं तर काय प्रगती होईल, असं त्याला वाटलं. बुद्ध म्हणाले, आपण दोघंच आहोत, दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब. मेघियानं तीनदा विचारलं आणि गेला. आमराईत बसला तर मनात वासना, द्वेष आणि दुसऱ्याला दुखावण्याचे विचार, एकामागोमाग एक. चक्रावून तो परत आला. बुद्ध त्याच्यावर रागावले नाहीत. कच्चं मन पिकवणाऱ्या पाच गोष्टी त्यांनी सांगितल्या, आणि त्यात पहिली होती कल्याणमित्र. शील, धम्मचर्चा, उद्योग, प्रज्ञा या बाकीच्या चारही गोष्टी ज्याला कल्याणमित्र आहे त्याला मिळतील, असंही सांगितलं.

वही घेऊन एकांतात बसलेल्या नव्या गीतकाराला मी मेघियच म्हणते. एकांत हवाच, पण कच्च्या हाताला एकांतात स्वतःच्याच ओळी गोड लागतात. आनंद एकदा बुद्धांना म्हणाला होता की चांगली मैत्री म्हणजे अर्धं धम्मजीवन. बुद्धांनी त्याला अडवलं: असं म्हणू नकोस, ते संपूर्ण धम्मजीवन आहे. आपल्या विहारांत महामंगल सुत्त म्हटलं जातं. त्यातलं अगदी पहिलं मंगल कुणाची संगत टाळावी आणि कुणाची धरावी हेच आहे. माणसं शोधत जाणं हा धम्मात कमीपणा नाही. तो पहिला पाठ आहे.

प्रश्न उरतो तो कोणती माणसं, आणि कशासाठी. सिगालोवाद सुत्तात बुद्ध सिगाल नावाच्या एका गृहस्थाच्या मुलाला व्यवहारातली मैत्री समजावतात. मित्राचं सोंग घेतलेल्या चार माणसांत एक असतो तो फक्त नेणारा, आणि एक तोंडावर गोड बोलणारा. हा दुसरा चुकीलाही मान हलवतो आणि बरोबरलाही. खरा मित्र कोण, तर गरज पडली की मागितल्याच्या दुप्पट देणारा आणि वाईटापासून आवरणारा. आमच्या क्षेत्रात चार दिवस काढलेल्या कुणालाही ही माणसं चेहऱ्यासकट आठवतील. “ताई, एक नंबर!” म्हणणारे फोनमध्ये भरपूर असतात. मुलींना मी आणखी एक सांगते: जो संगीतकार चाल ऐकवायला रात्री उशिराचीच वेळ देतो आणि दिवसा कधीच मोकळा नसतो, त्याचा नंबर काढून टाका. तेवढं गाणं गेलं तरी चालेल.

कल्याणमित्र कसा असतो ते मी एका रेकॉर्डिंगला पाहिलं. उल्हासनगरमधला एक तरुण संगीतकार घरातल्या छोट्या स्टुडिओत काम करतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ला ला ला’ करून चाल पाठवतो आणि मी त्या मीटरमध्ये शब्द बसवते. त्या गाण्याच्या मुखड्याची ओळ मी ‘संघर्ष’ या शब्दावर संपवली होती. अर्थ नेमका, वजनही बरोबर. गायिकेनं तीन-चार टेक दिले, पण ओळ काही उठेना. ढोलकीवाले दादा कोपऱ्यात शाई तपासत बसले होते. वयानं मोठे, पूर्वी वडिलांसारख्याच गायन पार्ट्यांत वाजवलेले. ते म्हणाले, “ताई, चाल तिथं लांब थांबतेय आणि तुमचा शब्द श्वास बंद करतोय. ‘र्ष’वर बाई थांबणार कशी? तोंड उघडं राहील असा शब्द द्या.” मी तिथल्या तिथं ओळ फिरवली आणि शेवटी ‘लढा’ घेतला. पुढच्या टेकला त्या ‘आ’वर गायिकेचा आवाज असा काही खुला झाला की काचेपलीकडचा संगीतकार उठून उभा राहिला. मला स्तुती करणाऱ्या दहा जणांनी जे दिलं नसतं ते त्या एका वाक्यानं दिलं. दादांना त्यातून काही मिळवायचं नव्हतं. त्यांना गाणं नीट व्हायला हवं होतं.

ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांच्यासाठी माझी कसोटी तेवढीच आहे. माणूस गाण्याच्या बाजूचा आहे का? असेल तर ओळख काढायला लाजायचं कारण नाही. वडिलांच्या काळातही पार्टी उभी राहायची ती अशीच. एका गावच्या कार्यक्रमात दुसऱ्या गावचा ढोलकीवाला ऐकला की कार्यक्रम संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसायचं, चहा व्हायचा, पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण जायचं. आणि त्याला बोलावलं तर त्याच्या गावी आपणही जायचं.

आता दुसरी शंका. त्या ‘लढा’चा मालक कोण? शब्द माझ्या तोंडून आला, पण दादा बोलले नसते तर आला नसता. संगीतकारानं तिथं लांब स्वर ठेवला नसता तर दादा बोललेच नसते. हा विचार करताना मला ‘मिलिंदप्रश्न’ आठवतो. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतात, तू रथातून आलास, तर रथ दाखव. चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव चालतं. तसंच ‘नागसेन’ हेही एक चालणारं नाव आहे, आत कुणी कायमचा ‘नागसेन’ बसलेला नाही, असं भिक्खू सांगतात. गाणंही तसंच. मुखडा म्हणजे गाणं नाही, चाल म्हणजे गाणं नाही, आवाज किंवा ठेका म्हणजेही नाही.

इथवर येऊन लोक थांबतात आणि निष्कर्ष काढतात की नावाला काही अर्थ नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. नागसेनांनी आपलं नाव टाकून दिलं नाही. राजाशी बोलताना सुरुवातीलाच त्यांनी ते सांगितलं: मला नागसेन म्हणतात. आत्मा नाही म्हणजे हिशेब नाही, असं त्या संवादात कुठेही नाही.

याहून मोठा पुरावा थेरीगाथेत आहे. अनात्म शिकवणाऱ्या परंपरेनं भिक्खुणींच्या ७३ रचना जपल्या, आणि बहुतेक रचनांसोबत ती कुणाची हेही जपलं. मुत्ता, पटाचारा, अंबपाली. मुक्त झालेल्या बायका या. त्यांच्यात ‘मी’चा अहंकार उरला होता म्हणून नावं राहिली, असं कुणी म्हणणार नाही. मला त्यातली सुमंगलमाता फार जवळची वाटते. मुसळ-उखळातून आणि छत्र्या करणाऱ्या निर्लज्ज नवऱ्यापासून सुटल्याचं ती सांगते. तिचं स्वतःचं नाव आपल्यापर्यंत आलं नाही, सुमंगल या मुलाची आई एवढंच आलं. इतकं मोकळं बोललेल्या बाईचं नाव हरवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

नाव जपायची रीत आपल्या मराठीत जुनीच आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका येतो. जनाबाईच्या नाममुद्रेत तिच्याबरोबर नामदेवही येतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा मोठेपणी अक्षरं शिकले, हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. तोंडातोंडी पसरणाऱ्या गाण्याला कागद नसतो, कॅसेटचं कव्हर नसतं. गाणाऱ्याला नाव गाळायचं म्हटलं तर यमक मोडेल, अशा जागी वामनदादांनी ते ठेवलं. ही मला मोठी शहाणी सोय वाटते. माझं एक गाणं एका कंपनीनं दुसऱ्याच्या नावावर टाकलं तेव्हापासून मीही शेवटच्या अंतऱ्यात नाव गुंफायला लागले.

आता कायदाही बाजूनं आहे, आणि तो नव्या गीतकारांना माहीत नसतो म्हणून इथं लिहिते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू जोरानं मांडली होती. तेव्हापासून, गाण्याचे हक्क विकले तरी रॉयल्टीतला आपला समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. सिनेमासोबत चित्रपटगृहात वाजणं तेवढं यातून वगळलं आहे. याच कायद्याच्या ५७ व्या कलमानं, हक्क विकल्यावरही रचना आपली आहे हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदवा.

आम्ही आता रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहितो: शब्द कुणाचे, चाल कुणाची, संयोजन कुणाचं, कुणाचा वाटा किती. सगळे सह्या करतात. सुरुवातीला संगीतकाराला हे मैत्रीवरचा अविश्वास वाटला होता. मला उलट वाटतं. पैशाचं आधी बोलून घेतलं की नंतर एकमेकांच्या ओळीला आणि स्वराला बिनधास्त नावं ठेवता येतात. ढोलकीवाल्या दादांचे पैसे त्या कागदावर पहिल्या ओळीत असतात, कारण वादकाला रॉयल्टी सहसा पोचत नाही आणि त्यांचं वय झालं आहे. ‘लढा’ हा शब्द त्यांच्यामुळे आला हे मी मंचावरून सांगते.

मानधन विचारल्यावर ज्यांना धम्म आठवतो त्यांना मी सिगालोवाद सुत्तच पुन्हा वाचायला सांगते. मालकानं कामगाराशी कसं वागावं, याची पाच कर्तव्यं तिथं आहेत: झेपेल तेवढंच काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात बघावं, गोडधोड वाटून खावं, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करायलाही सांगितलं आहे: एक खर्चाला, दोन उद्योगात, एक अडीअडचणीला. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे ती विहारात म्हणून सोडून द्यायला नाही. ज्यांच्या वाडवडिलांकडून पिढ्यान्‌पिढ्या गावकीचं काम फुकट करून घेतलं गेलं, त्यांच्या लेकरांना ‘समाजाचं काम आहे’ म्हणून पुन्हा फुकट राबवणं मला धम्माला धरून वाटत नाही. तसं मी आयोजकांना तोंडावर सांगते. काही जण दुखावतात, काही पुढच्या वर्षी पाकीट घेऊन येतात.

या १४ एप्रिलला तुमच्या वस्तीत जी गाणी होतील, त्यांची यादी निवेदकाकडून आधी मागून घ्या. प्रत्येक गाण्यापुढे गीतकाराचं नाव लिहा, माहीत नसेल तर गायकाला विचारा, आणि गाणं सुरू होण्याआधी ते नाव माइकवरून घ्यायला लावा.