हातावेगळं

एखादं काम पुरं झालं की आपण म्हणतो, काम हातावेगळं केलं. काम हातात होतं, त्यावरून हात फिरला आणि मग ते हातापासून वेगळं झालं. आधी हात, मग वेगळं. हा क्रम शब्दातच बसलेला आहे. आपली छपाई आणि टपाल बाहेर करून घेणाऱ्या संस्थांनी या शब्दापाशी घटकाभर थांबावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे पुष्कळदा क्रम उलटतो. काम आधी वेगळं होतं आणि वेगळं झालं म्हणूनच ते झालं, असं धरलं जातं.

एखादी नागरी सहकारी बँक डोळ्यांसमोर आणू. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपतं आणि सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्याआधी हजारो सभासदांकडे नोटीस आणि अहवाल जायचा असतो. शिवाय व्याजाचे दाखले, लॉकरच्या भाड्याची आठवण, थकीत कर्जाची पत्रं वर्षभर चालूच. अशा एका बँकेच्या मुख्य कचेरीत मी बरीच वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात अहवाल छापून आला की संध्याकाळी सगळे टेबलांभोवती बसायचे. कोणी अहवाल पाकिटात घालायचं, कोणी पत्त्याची चिठ्ठी डकवायचं, कोणी तिकीट लावायचं. गावागावाचे गठ्ठे व्हायचे आणि जावक नोंदवहीत आकडा चढायचा.

या बैठकीत आणखी एक काम होत होतं. त्याला नाव नव्हतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. चिठ्ठी डकवणारा प्रत्येक जण नाव वाचत होता. मध्येच कोणी म्हणायचं, "अहो, हे अण्णा गेले की दिवाळीत." कोणी म्हणायचं, "या ताई आता मुलाकडे नाशिकला असतात." चिठ्ठी बाजूला निघायची आणि दुसऱ्या दिवशी सभासद रजिस्टरात दुरुस्ती व्हायची. पाकिटं भरणं हे दिसणारं काम होतं. माणसं ओळखणं हे त्याच्या पोटातलं काम होतं. पुढे आम्ही पाकिटं भरण्याचं काम बाहेर दिलं. ते तिकडे गेलं आणि उत्तम होऊ लागलं. पोटातलं काम मात्र आमच्याकडेही उरलं नाही आणि तिकडेही पोचलं नाही.

काम बाहेर देणं गैर आहे, असं मी म्हणत नाही. छपाई आमच्यासारख्यांनी पहिल्यापासून बाहेरूनच करून घेतली. ऑफसेट मशीन कुठली बँक पदरी ठेवते? आज एकाच छताखाली छपाई, घडी, पाकिटात भरणं, चिकटवणं आणि पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधणं होतं. जे काम आमच्या चाळीस माणसांच्या आठ संध्याकाळी खायचं, ते यंत्र दोन दिवसांत उरकतं.  पिनकोडात पहिला ४ दिसला की पत्र आपल्या बाजूचं. पहिल्या तीन अंकांत ४११ म्हणजे पुणे, ४१६ म्हणजे कोल्हापूरकडचं. शेवटचे तीन अंक थेट पोस्ट ऑफिस सांगतात. ही लावालावी यंत्रानं करावी हेच शहाणपणाचं. प्रश्न एवढाच, की यंत्राकडे काय सोपवायचं आणि आपल्याकडे काय राखायचं.

इथे छपाईचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. अहवाल सगळ्यांना सारखाच जातो. त्याचं प्रूफ एकानं नीट वाचलं आणि 'छापायला हरकत नाही' अशी सही केली की दहा हजार प्रतींची खात्री झाली. चूक राहिलीच तर ती दहा हजार प्रतींत सारखी राहते. व्याजाच्या दाखल्याचं तसं नाही. तिथे प्रत्येक कागदावरचं नाव वेगळं, खातं वेगळं, रक्कम वेगळी. एका कागदाचं प्रूफ दुसऱ्या कागदाबद्दल काहीही सांगत नाही. आम्ही मात्र जुन्याच सवयीनं पाच नमुने पाहून सही करत राहिलो.

एका वर्षी ते भोवलं. नमुने निघाल्यानंतर यादीतला नावांचा रकाना कोणीतरी अकारविल्हे लावला आणि रकमांचा रकाना होता तसाच राहिला. पाचही नमुने बिनचूक होते, कारण ते आधीच्या यादीतले होते. टपालात पडलेल्या पाकिटांत मात्र एकाच्या नावावर दुसऱ्याची ठेव होती. दोष यादी देणाऱ्याचा की छापणाऱ्याचा, यावर आमचा दोन दिवस वाद चालला. तेवढ्यात एक वयस्कर विधवा काउंटरवर आल्या. शेजारणीला आपल्या ठेवीचा आकडा कळला, आता घरात भांडणं लागतील, असं त्या सांगत होत्या. त्या छापखान्यात गेल्या नव्हत्या. छापखाना कुठे आहे हे त्यांना माहीतही नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. त्यांनी ठेव आमच्याकडे ठेवली होती.

कायदाही तेच म्हणतो. सहकारी बँकांनी आपली कामं बाहेर देण्याबाबत रिझर्व्ह बँकेनं जून २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. काम बाहेर दिल्यानं बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हा त्यांचा गाभा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही माहिती गोळा करणारी संस्थाच उत्तरदायी धरली आहे, मग प्रत्यक्ष काम कोणीही करो. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण दंडाच्या भीतीनं जे होतं ते कागदोपत्री होतं. काउंटरवर उभ्या असलेल्या त्या बाईंसाठी काय करायला हवं होतं, हे शोधलं तर वाट जास्त सरळ सापडते.

ती वाट म्हणजे जुना, शाळेतला ताळा. यादीत नावं किती दिली, कागद किती छापले, किती खराब झाले आणि पुन्हा छापले, पाकिटं किती भरली, टपालात किती दिली: हे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक पाकीट कमी भरलं याचा अर्थ बहुधा कुठल्यातरी पाकिटात दोन जणांचे कागद गेले, असा होतो. नमुने काढायचे तर यादी पक्की झाल्यावर, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे, आणि ते मूळ खात्याशी ताडून पाहायचे. यादीत आपल्याच चार-दोन माणसांचे घरचे पत्ते घालायचे, म्हणजे पाकीट कधी पोचलं, कसं पोचलं, आत काय होतं, हे आपल्या डोळ्यांनी दिसतं. काम संपल्यावर यादी तिकडून पुसली गेली, हे लेखी घ्यायचं.

आणि नावं मराठीत वाचायची. आमची यादी युनिकोडमध्ये आणि तिकडचा फॉन्ट जुना, असं झालं की कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला अर्धा र कुठेतरी उडून पडतो. यंत्राला ते खटकत नाही. ज्याचं आडनाव मोडलं, त्याला पाकीट उघडण्याआधीच कळतं की आपलं नाव इथे कोणी वाचलेलं नाही.

शेवटची गोष्ट परत येणाऱ्या पाकिटांची. बाहेर काम दिलं की परतीचा पत्ताही सोयीसाठी छापणाऱ्याचा घालतात. ती सोय घेऊ नये. 'पत्ता सोडून गेले', 'मयत' असा शेरा घेऊन आलेलं पाकीट म्हणजे पोस्टमननं आपल्यासाठी आणलेली बातमी असते. ती रद्दीत गेली की सभासद मुकाट्यानं नाहीसा होतो. त्याचं खातं निपचित पडतं आणि दहा वर्षं कोणी विचारलं नाही की ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करावी लागते. वारस मागायला आले तर ती मिळते. पण ठेव होती हेच घरात माहीत नसेल, तर मागणार कोण?

दाखल्यांच्या त्या चुकीनंतर आम्ही पाकिटं भरण्याचं काम घरात परत आणलं नाही. परत येणारी पाकिटं तेवढी घरात आणली. सप्टेंबरअखेर ती एका टेबलावर ओतायची, चार जणांनी बसायचं, शाखेतल्या जुन्या माणसाला फोन लावायचा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. 'मयत' शेऱ्याच्या पाकिटासाठी कोणीतरी त्या घरी जाऊन यायचं. पहिल्या वर्षी हे संपायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटच्या पाकिटाची नोंद झाली, रजिस्टर मिटलं, तेव्हा आम्ही म्हणालो की यंदाचा अहवाल हातावेगळा झाला.