गंज उतरला, पाणीही उतरले

हत्याराला गंज चढला तर तो घालवावा, यात विचार कसला, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो.

खापरखेड्यास आमच्या घरी वडिलांची कुऱ्हाड होती. आसपास कोळशाच्या खाणी. पुढे 1989 साली आजच्या वीज केंद्राचा 210 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि घरची मुले पाळीच्या कामाला लागली. कुऱ्हाड माळ्यावर गेली. कित्येक पावसाळ्यांनी खाली काढली, तर पाते तांबूस, खरबरीत. आम्हाला शरम वाटली, आणि शरमलेल्या माणसाला घाई फार! विजेवर चालणारा ग्राइंडर मागून आणला. ठिणग्यांचा काय तो थाट! घटकेत पाते लखलखले, पण धारेवर निळी झाक उठली. लाकडावर घाव घातला तर धारच वळली.

लोहाराने पाहिले न पाहिले तोच म्हणाला, “भाऊ, गंज गेला, पन पानीबी गेलं ना!”

पोलाद तापवून पाण्यात बुडवतात, तेव्हा त्याला कठीणपणा येतो. यालाच पाणी देणे म्हणतात. निळी झाक म्हणजे धार सुमारे 300 अंशांपर्यंत तापली, कठीणपणा उतरला. इतक्या वर्षांच्या गंजाने जे नेले नव्हते, ते आम्ही एका घटकेत घालवून बसलो.

सज्जनहो, खरा प्रश्न येथे आहे. गंज हा वरून बसलेला मळ आहे काय? नव्हे. हवा आणि ओल मिळून लोखंडाचेच रूप पालटते. ते फुगते, पोपडा सुटतो, आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणजे दोष घासताना आपण वस्तूचाच अंश घासतो. मग लेकराचा, शेजाऱ्याचा, स्वतःचा दोष काढायला बसलेल्याने हात कोठे थांबवावा? हातच लावू नये म्हणावे, तर गंज काही थांबत नाही. आमच्या मते माप चकाकीचे नको, कामाचे हवे. अरणच्या सावतोबांचे खुरपे मळ्यात चाले, देव्हाऱ्यात नव्हे.

आता विळा साफ करायचा तर आम्ही तो चिंचेच्या पाण्यात ठेवतो, आणि मधूनमधून पाहतो; आंबट गंज खाते, मग चांगले लोखंडही खाते. विटेच्या भुकटीने घासायचा, धुऊन लगेच कोरडा करायचा, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. ते तेल वाळून पापुद्रा धरते. खड्डे राहतात. राहू देतो.

कुऱ्हाडीला लोहाराने पुन्हा पाणी दिले. पाते थोडे आखूड झाले आहे. दांड्यावर वडिलांच्या मुठीने आलेला गुळगुळीतपणा आहे. तेथे आम्ही कानस लावली नाही.