सांगायचं कधी, हे कोण ठरवणार?

मोठा आघात सोसलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले मिळतात. झालं गेलं विसरून जा, हा एक. बोल, रडून घे, मन मोकळं कर, हा दुसरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या ढिगाऱ्यातून वाचलेल्याला यांतलं काय सांगायचं? दोन्ही सल्ले मायेपोटीच दिले जातात, पण दोन्ही एकाच जागी चुकतात. कधी बोलायचं, किती बोलायचं, कुणाजवळ बोलायचं, हे ठरवणं ते सोसणाऱ्याच्या हातून काढून घेतात. हा निर्णय त्याच्याकडेच राहणं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं म्हणणं आहे.

‘पण बोलल्याने दुःख हलकं होतं, हा तर सगळ्यांचाच अनुभव आहे.’ खरं आहे, माणूस आपण होऊन बोलला तर. घटनेनंतर लगेचच, ठरवून, सगळं सांगायला लावणारी एकाच बैठकीची पद्धत १९८० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष आले. तेरा महिन्यांनी, बोलायला लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावविकार होता. ज्यांना तसं बोलतं केलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होतं. पहिल्या गटाच्या जखमा मुळातच अधिक गंभीर होत्या, म्हणून सगळा दोष या पद्धतीच्या माथी मारणं योग्य नाही. मात्र पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावरही या एका बैठकीने विकार टळतो, असं दिसलं नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत, घरच्यांच्या सोबतीने, आपापल्या गतीने सावरत असतात. त्या गतीत बाहेरच्याने हात घालण्याचं कारण नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तीही आधी सुरक्षितता, अन्नपाणी आणि नातलगांशी संपर्क पाहा, ऐकायला तयार राहा, पण बोलण्याचा आग्रह धरू नका, असंच सांगते.

‘म्हणजे विसर म्हणणारेच बरोबर ठरले!’ नाही. काहींच्या बाबतीत महिना उलटतो, वर्ष उलटतं, आणि आठवण जुनी होतच नाही. मेंदूतला धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला अतिदक्ष राहतो आणि घटनेला स्थळकाळाचा संदर्भ देणारं हिप्पोकॅम्पसचं काम नीट होत नाही. त्यामुळे तेव्हा घडलेलं आत्ता घडतंय असं वाटतं. रस्त्यावरून ट्रक गेला आणि खिडकी थरथरली, तरी शरीर भूकंप झाल्यासारखं दचकतं. असा माणूस थरथर, अंधार, बंद खोली टाळू लागतो. टाळल्याने त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण आजची थरथर निरुपद्रवी आहे हे शिकण्याची संधीच मेंदूला मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारात रुग्ण तीच घटना चिकित्सकासमोर पुन्हा पुन्हा, सविस्तर सांगतो आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. सहसा आठ ते पंधरा सत्रं लागतात. यात जुनी आठवण पुसली जात नाही. ‘आता धोका नाही’ हा नवा धडा तिच्याशेजारी उभा राहतो आणि मेंदूचा पुढचा भाग त्याच्या आधारे अमिग्डालाला आवर घालतो. म्हणूनच एखाद्या वेगळ्या जागी जुनी भीती पुन्हा डोकं वर काढू शकते. त्याला उपचाराचं अपयश समजू नये. सांगणं त्या एका बैठकीतही आहे आणि या उपचारातही, पण इथे माणसाची तयारी झालेली असते, पुढची पायरी त्याच्या संमतीने चढली जाते आणि तो थांबू शकतो.

‘मेंदूच आकसला असेल तर शब्दांनी काय होणार?’ आघातानेच मेंदू आकसतो, हा घाईचा निष्कर्ष या शंकेमागे आहे. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचा आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. विकार जडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि घरी राहिलेल्या भावांचाही. निदान या सैनिकांपुरतं तरी, लहान आकार हा युद्धाने केलेला घाव असण्यापेक्षा आधीपासूनची दुर्बलता असण्याची शक्यता जास्त दिसते. मेंदू कायमचा मोडला, असं रुग्णाला सांगण्याचा अधिकार हा पुरावा कुणाला देत नाही.

खरी अडचण लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, न्यायालयात येते. तपास थांबू शकत नाही. पीडितेची तयारी होईपर्यंत आरोपीला अधांतरी ठेवणंही अन्यायच. इथे वेळ निवडण्याचा हक्क अपुरा पडतो, हे मला मान्य करावं लागतं. पण वेळ हातात नसली तरी बाकी बरंच हातात ठेवता येतं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांसाठी ते केलं: जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी, समोरचा पोलीस गणवेशात नाही, सुनावणीत विश्रांतीची मुभा, आणि साक्षीसाठी वारंवार बोलावू नये ही न्यायालयाची जबाबदारी. पोक्सोची ही हमी अठरा वर्षांखालच्यांपुरतीच आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीलाही साक्ष देताना विश्रांती आणि वारंवार न बोलावलं जाण्याची हमी तितक्याच स्पष्ट शब्दांत कायद्याने द्यायला हवी.