सायंदेवाचं भय आणि आपली धडधड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी शास्त्री-पंडित नाही की डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केली. आता पारायण मंडळात सतरंज्या घालण्यापासून वाचनापर्यंत पडेल ती सेवा करतो. या सेवेत एक गोष्ट दरवर्षी दिसते. दत्तजयंतीचा सप्ताह संपतो, प्रसाद होतो, मंडळी प्रसन्न चेहऱ्यानं घरी जातात. आणि आठ दिवसांनी त्यातलाच कोणीतरी म्हणतो, "काका, सप्ताहात झोप छान लागायची हो. आता पुन्हा रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते." ही शांती सात दिवसांची पाहुणी का ठरते आणि घरची कशी होईल, याचा आज विचार करू.

गुरुचरित्राचा चौदावा अध्याय आपण संकटात वाचतो. सायंदेव हा तुमच्या-आमच्यासारखा नोकरदार, संसारी माणूस. क्रूर धन्याचं बोलावणं आलेलं. गेलो की जीव जाणार, ही त्याची खात्री. तो श्रीगुरूंना शरण येतो. आता महाराज त्याला काय सांगत नाहीत, ते नीट पाहा. जाऊ नकोस म्हणत नाहीत. लपून बस म्हणत नाहीत. निर्भय होऊन जा, तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत, असा भरवसा देतात. सायंदेव जातो. ज्या दाराची धास्ती घेतली होती त्याच दारी जाऊन उभा राहतो. तिथे जीव घ्यायला बसलेला धनीच घाबराघुबरा होतो आणि वस्त्रं देऊन त्याची पाठवणी करतो.

या कथेतला चमत्कार आपण लक्षात ठेवतो, पण क्रम विसरतो. आधी अभय, मग प्रसंग. आपण म्हणतो, मुलीचं लग्न होऊ दे, कर्ज फिटू दे, रिपोर्ट चांगला येऊ दे, मग मी शांत होईन. महाराजांनी सायंदेवाला आधी शांत केलं आणि मग प्रसंगाकडे पाठवलं.

शरीराचंही तसंच आहे. आपल्या हुकमाशिवाय काम करणारी जी मज्जासंस्था आहे, तिच्या दोन बाजू. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत नावे आणि जमा. धोका दिसला की पहिली बाजू जागी होते. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तदाब वाढतो, पचन मंदावतं. वाघ समोर आला तर पळायला ही व्यवस्था उत्तमच आहे. पण साहेबाचा फोन आणि वाघ यांत शरीराला फारसा फरक कळत नाही. दुसरी बाजू विसाव्याची. तिची मुख्य नस व्हेगस. ती मेंदूच्या बुंध्यापासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवलं की ही नस एक रसायन सोडून हृदयाची गती कमी करते. १९३६ साली त्यांना नोबेल मिळालं. आता सांगा, दिवसभर नुसतं नावेच पडत राहिलं आणि जमा काहीच नाही, तर खातं किती दिवस तग धरेल?

हृदयाला "हळू चाल" म्हणून सांगितलं तर ते ऐकत नाही. पोटही ऐकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलं ऐकतोही. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो, हृदय थोडं सावकाश चालतं. म्हणून सोडलेला श्वास लांब झाला की सगळं शरीर निवू लागतं. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाचा अभ्यास प्रयोगशाळेत सुरू केला, तो हीच श्रद्धा तपासून घेण्यासाठी. पुढे २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात २३ माणसं होती. त्यांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला दिला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि हृदयाची व रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळली.

सप्ताहातल्या झोपेचं उत्तर इथे सापडतं. ओवी मोठ्यानं वाचणं म्हणजे लांब, संथ उच्छ्वास. तो तासन् तास, तोही लयीत. शिवाय ठरलेली वेळ, साधा आहार, कमी बोलणं. सप्ताह संपला की हे सगळं आपण उद्यापनाच्या नारळाबरोबर देऊन टाकतो. मग शांती राहील कशी? कोणी म्हणेल, काका, तुम्ही कृपेचं शास्त्र करून टाकलंत. नाही हो. ही नसही त्याचीच देणगी आहे. पाऊस कृपेनंच पडतो, पण भांडं सुलटं ठेवणं आपल्या हातात असतं.

बदल टिकायचा असेल तर अवधूताच्या चोवीस गुरूंकडे जावं. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला हे गुरू सांगतो. त्यांत कुंभारमाशी आहे. तिनं घरट्यात कोंडलेला किडा सतत तिचंच ध्यान करून तिच्यासारखा होतो, असा तो दृष्टांत. यात एक बारीक गोष्ट आहे. तो किडा भयानं ध्यान करतो. म्हणजे भीतीचं सतत चिंतन केलं तर आपण भीतीचाच आकार घेतो. चिंतन तर चालूच आहे, फक्त विषय बदलायचा. सप्ताह ही एकरकमी ठेव आहे. रोजचा जप म्हणजे रिकरिंग. रक्कम लहान असली तरी चालते, हप्ता चुकता कामा नये.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, रोज तिन्हीसांजेला एकाच जागी दहा मिनिटं बसा. श्वास सहज घ्या आणि सोडताना सावकाश नाम घ्या. श्वास कोंडू नका, ओढाताण करू नका. दोन, अवघड फोन करण्याआधी, रिपोर्ट उघडण्याआधी नामासह तीन लांब उच्छ्वास. आधी अभय, मग प्रसंग. तीन, झोपण्यापूर्वी काळज्या वहीत लिहा आणि वही देवापुढे ठेवा. बँकेत रोकड तिजोरीत बंद करूनच कॅशियर घरी जातो, पिशवीत घालून नेत नाही. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात जाते आणि उद्या दिवसाउजेडी शोधली जाते.

आता एक कळकळीची विनंती. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी पारायण सुरू केलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. "महाराज बघून घेतील," म्हणाले. काही महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. आज त्यांचा उजवा हात माळ धरत नाही, डाव्या हातानं जप करतात. जप आणि गोळी यांचं वैर नाही. तेराव्या अध्यायात पोटशूळानं त्रासून नदीत जीव द्यायला निघालेला ब्राह्मण आहे. श्रीगुरूंनी आधी शिष्य पाठवून त्याला थांबवलं, त्याचं दुःख विचारलं, मग जेवू घातलं. नुसता उपदेश करून सोडून दिलं नाही. कोणाचं मन इतकं खचलं असेल तर त्यानं घरच्यांना सांगावं, डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही याच कामासाठी आहे. आधार मागणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. सायंदेवानंही मागितलाच होता.

उद्याही बोलावणी येतील. साहेबाचं येईल, दवाखान्याचं येईल, एक दिवस शेवटचंही येईल. त्या दाराशी जायला आपल्याला लागेलच. जाताना श्वासाश्वासात नाम असू द्या, म्हणजे परतीची जागा कोणीतरी राखून ठेवली आहे याची आठवण राहील. सर्वांना दत्तजयंती निर्भयतेची जावो, हीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥