रिपोर्ट कोणाचा?



मागच्या वर्षी पुण्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. वय ४१, गुदाशयाचा कॅन्सर. बायोप्सीचा रिपोर्ट त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. "यात काय लिहिलंय ते तू वाचून सांग," म्हणाला. परदेशातल्या इंजिनिअर नातेवाइकाला सगळेच कळते असा आपल्याकडे समज आहे. तुम्हालाही असे फोन येत असतील. रिपोर्टमध्ये एक ओळ होती: गाठीच्या पेशींत एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिने दिसत नाहीत. पुढे रक्ताची जनुकीय चाचणी झाली आणि लिंच सिंड्रोम निघाला. ते सांगायला त्याने पुन्हा फोन केला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "दादा, हे कोणाला सांगू नकोस. छोटीचं लग्न जमतंय."

छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण, वय २९.

तेव्हापासून मी एका प्रश्नाशी झगडतो आहे आणि तो तुमच्यापुढे ठेवतो. आजारी माणसाचा रिपोर्ट त्याचा एकट्याचा असतो का?

आधी त्या ओळीचा अर्थ सांगतो. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात आणि त्या दुरुस्त करणारी काही प्रथिने असतात. आमच्या धंद्यात दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणारा सहकारी असतो, तसे. तो गैरहजर राहिला की चुका साचत जातात आणि एखाद्या पेशीचा कॅन्सर होतो. पण गंमत अशी की इतक्या चुका असलेली पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी दिसते. कॅन्सरने त्या प्रतिकारशक्तीला लगाम घातलेला असतो, एवढेच. हा लगाम काढता येतो, या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने अशाच दोषाच्या गुदाशय कॅन्सरचे पहिले १२ रुग्ण जगापुढे मांडले. दर ३ आठवड्यांनी डोस्टारलिमॅब, एकूण ६ महिने. बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, केमो नाही. २०२५ मध्ये अशा रुग्णांची संख्या ४९ झाली होती आणि निकाल तोच होता. ज्यांनी पोटावर पिशवी लावलेला माणूस घरात पाहिला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र गुदाशयाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांतच हा दोष असतो, बाकीच्यांना या औषधाचा असा गुण येत नाही. म्हणून आधी चाचणी.

मावसभावाच्या डॉक्टरांनी हा पर्याय सांगितला होता. २०२२ मध्ये अमेरिकेत एका डोसची किंमत सुमारे ११ हजार डॉलर होती, आणि डोस ९ लागतात. आकडा ऐकून घरात कोणी काही बोलले नाही. शेवटी रेडिएशन, केमो आणि ऑपरेशनच झाले. पैसे जमवू असे मी म्हणालो होतो, पण उशिरा म्हणालो आणि पुरेशा जोराने म्हणालो नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निव्होलुमॅब देऊन पाहिले आणि एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो प्रयोग तोंड-घशाच्या कॅन्सरचा, गुदाशयाचा नव्हे. तरीही औषध गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणून असा प्रयोग करणारे लोक आपल्याकडे आहेत, हे नोंदवून ठेवतो.

आता मूळ प्रश्नाकडे. याला 'व्यक्तिगत उपचार' म्हणतात, पण चाचणी एका व्यक्तीपाशी थांबत नाही. लिंच सिंड्रोमचा बदल आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. माझी आई नागपुरात ५१ व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. मामाला वर्षभर मूळव्याधीची औषधे दिली, मग ते गेले. मावशी ६६ वर्षांची आहे, तिला काहीही झालेले नाही, असेही होते. आमच्या घरात याला 'पोटाचं दुखणं' म्हणत. हे तिन्ही भावंडांचे एकच प्रकरण असेल, हे मावसभावाच्या रिपोर्टने पहिल्यांदा सुचवले.

इथे म्युनिकमध्ये मी स्वतःची चाचणी केली. जर्मनीचा जनुकीय निदान कायदा १ फेब्रुवारी २०१० पासून लागू आहे. निरोगी माणसाची अशी चाचणी समुपदेशनाशिवाय सहसा होत नाही, आणि जाणून न घेण्याचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. नोकरी देणाऱ्याला निकाल मागता येत नाही. विमा कंपनीला खूप मोठ्या रकमेच्या पॉलिसीखेरीज मागता येत नाही. नातेवाइकांनाही धोका असेल, तर डॉक्टर रुग्णाला 'त्यांना समुपदेशनाचा सल्ला द्या' असे सांगतात. स्वतः फोन करत नाहीत. निरोप आपण न्यायचा.

माझा निकाल होकारार्थी आला.

आपल्या मनात इथे एक जुनी भीती जागी होते, ती मी टाळणार नाही. जन्मावरून माणसाला डागी ठरवणाऱ्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो. आता कोणी 'तुमच्या रक्तात दोष आहे' म्हणाले की अंगावर काटा येतो. त्यात लग्नाच्या बाजारात अशी बातमी काय करते, हे सर्वांना ठाऊक आहे. आणि कोणीतरी मागच्या जन्मीचे कर्म काढतेच, आमच्याकडेही काढले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा घेतला आहे. मूल जे घेते ते आईवडिलांकडून घेते, पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा ही कल्पना विज्ञानाशी जुळत नाही, असे ते मांडतात. जातीचा शिक्का मारला गेला तेव्हा त्यावर करण्यासारखे काही ठेवलेले नव्हते, तोच त्याचा हेतू होता. या रिपोर्टवर करण्यासारखे आहे: साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, बायकांसाठी गर्भाशयाची तपासणी. गाठ होण्याआधी कोंब काढून टाकता येतो. माझाही एक काढला.

म्युनिकमध्ये दर मार्चमध्ये आतड्याच्या कॅन्सरची जाहिरात दिसते, ती फेलिक्स बुर्डा या तरुणाच्या नावाच्या संस्थेची. तो २००१ मध्ये ३३ व्या वर्षी याच रोगाने गेला, आणि प्रकाशन व्यवसायातल्या त्या बड्या घराण्याने मुलाचे नाव आणि रोगाचे नाव दोन्ही उघडपणे लावले. पैसा असला की धीटपणा सोपा जातो, हे खरे. पण आम्ही तर आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही रोगाचे नाव घेतले नव्हते.

अभय राजकुमाराचे सुत्त तुम्ही वाचले असेल. दुसऱ्याला न आवडणारे वचन तथागत बोलतात का, असा दोन्हीकडून अडकवणारा प्रश्न तो घेऊन आला होता. बुद्धांनी त्याच्या मांडीवरच्या बाळाकडे बोट दाखवून विचारले, याने खडा तोंडात घातला तर काय कराल? रक्त आले तरी काढीन, तो म्हणाला, कारण बाळाविषयी करुणा आहे. मग बुद्ध सांगतात की खरे आणि हितकारक पण अप्रिय असे वचन बोलण्याची वेळ ते जाणतात. मी यावर बराच विचार केला. छोटी बाळ नाही, २९ वर्षांची आहे. तिच्या तोंडात बोट घालण्याचा अधिकार मला नाही. पण वेळ जाणणे म्हणजे लग्न उरकेपर्यंत थांबणे, असाही अर्थ मला त्यात सापडत नाही. ती वेळ आमच्या सोयीची आहे, तिच्या नव्हे. आणि 'तुला जाणून घ्यायचंय का?' असे विचारले की जाणून न घेण्याचा हक्क अर्धा मोडतोच. यातून साफ वाट नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती. मावसभावाचा रिपोर्ट त्याचा होता, माझा माझा होता. मी त्याला फोन करून सांगितले, "तुझं मी काही बोलणार नाही. माझं मी सगळ्यांना सांगणार आहे." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला आधी सांग."

मावशीला सांगितले, मग मामांच्या दोन्ही मुलांना, मग छोटीला. मामांच्या थोरल्याने मध्येच थांबवले: "मला नको सांगूस, दादा." त्याच्यासाठी समुपदेशकांनी दिलेले पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, मागेल तेव्हा पाठवीन. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. छोटीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पुण्यात ही टेस्ट कुठे होते?" त्याच रविवारी तिने ज्या मुलाशी बोलणी चालू होती त्यालाही सांगितले. पुढच्या महिन्यात दोघे मिळून समुपदेशनाला जाणार आहेत.