नवी चाके, जुने पाय

पालघर आणि बोईसर या दोन मोठ्या स्थानकांच्या मध्ये उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरील एक लहानसे स्थानक आहे. या परिसरात सायकल ही काही नवलाची वस्तू नव्हे. तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराची काळी, जड सायकल येथील रस्त्यांनी पाहिली आहे. हँडलला जेवणाचा डबा आणि घड्याळाकडे लक्ष, असा तो प्रवास. अलीकडे त्याच रस्त्यांवर दुसऱ्या जातीची सायकल दिसू लागली आहे. तिचे हँडल खाली वळलेले, टायर अरुंद, स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट. सुट्टीच्या दिवशी पहाटे आमची कमावती मुले चिंचणीच्या किंवा केळव्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येतात आणि वेळेवर मिस्सेलाही पोहोचतात. हा छंद चांगलाच आहे. शरीर सुदृढ राहते, संगत चांगली लाभते, व्यसनांपासून माणूस दूर राहतो.

आमचा प्रश्न त्या छंदाविषयी नाही. त्यातून हळूच उगवणाऱ्या एका इच्छेविषयी आहे. वर्षभर सायकल चालविली की तरुणाला वाटू लागते, की आहेत ती चाके काढून हलकी, कार्बनची चाके बसविली तर आपण अधिक वेगाने जाऊ. अशा चाकांच्या जोडीला पन्नास हजार रुपये सहज पडतात आणि लाखाची मर्यादा ओलांडणेही कठीण नसते. मग घरात विषय निघतो. मुलगा म्हणतो, "बाबा, गटातल्या सगळ्यांनी बदलली." वडील म्हणतात, "अरे, चाके बदलून पाय बदलतात का?" आणि वाद तिथेच थांबतो, कारण दोघांनाही आपलेच म्हणणे स्वयंसिद्ध वाटत असते.

वरवर पाहता हा पैशांचा वाद आहे. किंचित खोल गेलो तर तो एक जुना प्रश्न आहे: साधन बदलल्याने साधक बदलतो काय?

वडिलांचे बोल ऐकायला गोड असले तरी ते पूर्ण सत्य नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सायकलशर्यतींच्या जगात एका तासात एकट्याने किती अंतर कापता येते, याचा विक्रम फार मानाचा समजला जातो. 1972 साली बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी मेक्सिको शहरात तासाभरात 49.431 किलोमीटर अंतर कापले. 1996 साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन यांनी मँचेस्टर येथे 56.375 किलोमीटर गाठले. त्यांची सायकल वाऱ्याला चकविण्यासाठी घडविलेली होती आणि हात पुढे ताणून बसण्याची त्यांची पद्धतही निराळी होती. पुढे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ठरविले, की हा विक्रम मर्क्स यांच्या काळातल्यासारख्याच साध्या सायकलवर व्हावा. तेव्हा 2000 साली बोर्डमन पुन्हा उतरले आणि त्यांनी 49.441 किलोमीटर अंतर कापले. म्हणजे मर्क्स यांच्यापेक्षा अवघे दहा मीटर अधिक. एकाच माणसाच्या दोन विक्रमांत सुमारे सात किलोमीटरांचे अंतर पडले. चार वर्षांत वय वाढले होते हे खरे. पण त्या अंतराचा फार मोठा वाटा सायकलचा आणि तिच्यावर बसण्याच्या पद्धतीचाच होता. साधनाला काहीच अर्थ नाही, असे म्हणणाऱ्याने हे आकडे डोळ्यांआड करू नयेत.

परंतु याच आकड्यांचा आधार घेऊन मुलगा दुकानाकडे धावू लागला, तर त्यालाही थांबवावे लागेल. साधन वेग देते. मात्र कोणते साधन किती देते, याचा हिशेब मांडल्यावाचून आशा ही केवळ धुंदी ठरते.

तो हिशेब असा आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाताना स्वाराच्या शक्तीचा सुमारे चार पंचमांश भाग हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. त्या हवेच्या विरोधाचा बहुतांश भाग स्वाराच्या स्वतःच्या देहामुळे निर्माण होतो. चाकांचा वाटा लहान असतो. शिवाय वेग वाढवू लागताच हवा फार कठोर किंमत मागते: वेग एक दशांशाने वाढवायचा, तर तिच्यासाठी शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढवावी लागते. समजा, दोनशे वॉट शक्ती लावणाऱ्या तरुणाची उत्तम चाकांनी दहा वॉट बचत झाली. त्याचा वेग ताशी जेमतेम अर्ध्या किलोमीटरने वाढेल. पालघरपासून बोईसरपर्यंतचा रस्ता बारा किलोमीटरांचा धरला, तर वाचणारा वेळ सुमारे पंचवीस सेकंद. वाटेत म्हशींचा एक कळप आडवा आला, की ही सारी कमाई संपली.

चाके हलकी असल्याचा लाभ चढावर मिळतो, असे सांगतात. तेही खरे आहे. मुंबई-पुणे सायकलशर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरवितात. तिथे प्रत्येक ग्रॅम मोलाचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन असेल आणि चाकांनी अर्धा किलो कमी केला, तर अर्ध्या तासाच्या चढावर दहा-अकरा सेकंद वाचतात. शर्यतीत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकात तेवढेच अंतर असू शकते. म्हणून स्पर्धकाने हा खर्च केला तर तो शहाणपणा ठरेल. रविवारी चिंचणीला जाऊन नारळपाणी पिऊन परतणाऱ्यास त्या दहा सेकंदांचे काय करावे, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

उलट, ज्या गोष्टी खरोखर वेग देतात त्या दुकानाच्या काचेत चमकत नाहीत. चांगल्या प्रतीचे टायर आणि त्यांतील हवेचा योग्य दाब यांनी चाकांइतकी बचत थोडक्या पैशांत होऊ शकते. देह खाली झुकवून स्थिर बसण्याची सवय त्याहून अधिक देते. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांनी 1993 साली एका तासाचा विक्रम मोडला, तो स्वतः बनविलेल्या सायकलवर. तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसविले होते. त्यांचे बळ चाकांत नव्हते. हात छातीखाली दुमडून हवेला कमी जागा देण्याच्या कल्पनेत होते. आणि सर्वांत अधिक देतो तो नियमित सराव. त्याचे मूल्य पहाटेच्या झोपेत मोजावे लागते.

इथेच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. हा सारा हिशेब आमच्या मुलांना ठाऊक नसतो असे नाही. पुष्कळदा तो आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असतो. तरीही मन चाकांकडेच ओढ घेते. कारण सराव आमच्याकडून काही मागतो, वस्तू केवळ पैसे मागते. उणीव आपल्यात आहे असे मानले, तर ती भरून काढण्याची जबाबदारी आपल्यावर येते. उणीव चाकांत आहे असे मानले, की ती दुकानदारावर सोपविता येते. आम्ही वडीलधारीही याला अपवाद नाही. नवा गणवेश आणि महागडी शिकवणी घेतली की मुलगा हुशार होईल, नवे फर्निचर आले की घरात शांती नांदेल, नवा ध्वनिक्षेपक लावला की प्रवचन अंतःकरणापर्यंत पोहोचेल, अशी चाके आम्हीही आयुष्यभर बदलीत असतो.

एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्ववेत्ता जन्माने गुलाम आणि पायाने अधू होता. आपल्या मालकीच्या देखण्या घोड्याचा गर्व वाहणाऱ्यास त्याने बजावले आहे, की ते देखणेपण घोड्याचे आहे, तुझे नव्हे. तुझे म्हणता येईल ते एवढेच, की मिळालेल्या गोष्टींचा तू उपयोग कसा करतोस. ही कसोटी सायकललाही लागू पडते. हलके असणे हा चाकाचा गुण आहे. पहाटे उठणे, मागे पडलेल्या सोबत्यासाठी थांबणे, काळ्या सायकलवरून पाळीला निघालेल्या कामगाराला तुच्छ न लेखणे, हे स्वाराचे गुण आहेत. चाकाचा गुण विकत मिळतो. स्वाराचा मिळत नाही.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत जोडीने पूर्ण केली. 2017 साली तीच शर्यत नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्यांच्या सायकली उत्तमच होत्या, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु दिवसामागून दिवस अपुऱ्या झोपेवर पॅडल मारीत राहण्याचे बळ कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते आधीच्या कित्येक वर्षांत साठवावे लागते.

आणखी एक बाब उरते, ती घरातील इतरांची. वस्तू एकाची असली तरी तिची किंमत पुष्कळदा सारे घर भरते. बहिणीच्या शिक्षणाचे हप्ते, आजीची औषधे, गळणारे छप्पर, यांच्या रांगेत ती चाके कोठे उभी आहेत, हे पाहिलेच पाहिजे. मुलाने स्वकष्टाच्या वेतनातून, घरचे देणे देऊन उरलेल्या पैशांतून ती घेतली, तर वडिलांनी टोमणे मारू नयेत. सुंदर घडविलेली वस्तू हाताळण्याचा आनंद हाही एक निर्मळ आनंद आहे. मात्र त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. "मला ही आवडली, म्हणून घेतली," हे प्रामाणिक वाक्य आहे. "हिच्यावाचून माझे अडले होते," हे वाक्य बहुधा खोटे असते, आणि ते प्रथम बोलणाऱ्यालाच फसविते. अशा फसवणुकीला शेवट नसतो. चाकांनंतर हँडल, हँडलनंतर सायकलच जुनी वाटू लागते.

शेवटी वेग तरी कशासाठी? इटलीचे जिनो बार्ताली हे आपल्या काळातील अत्यंत वेगवान सायकलपटूंपैकी एक. फ्रान्सची महाशर्यत त्यांनी 1938 आणि 1948 साली जिंकली. ते निष्ठावान कॅथलिक होते. दुसऱ्या महायुद्धात, सरावाला निघालो आहोत असे भासवून, ज्यू बांधवांना वाचविणारी बनावट ओळखपत्रे आपल्या सायकलच्या नळीत लपवून त्यांनी वाहिली. आपल्या हयातीत त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, 2013 साली, जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने त्यांना ज्यूंचे प्राण वाचविणाऱ्या सज्जनांच्या मालिकेत स्थान दिले. त्या फेऱ्यांत त्यांच्या सायकलला कोणती चाके होती, हे आज कोणी विचारीत नाही.

आमच्या मुलांनी खुशाल वेगाने जावे. चाके घ्यायची की नाहीत, हे हिशेब मांडून, घरच्यांशी बोलून ठरवावे; आणि वडीलधाऱ्यांनीही थट्टेऐवजी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसावे. त्या कागदावर दोन रकाने करावेत: चाके काय देतील, आणि आपल्याला काय द्यावे लागेल. पहिल्या रकान्यात पंचवीस सेकंद लिहिले जातील. दुसऱ्यात जे लिहिले जाईल, त्यावरून बाप-लेकांना एकमेकांची ओळख थोडी अधिक पटेल.