पनीरचे दोन जास्तीचे तुकडे

मिसळीची प्लेट हवेत उडवायची असेल तर आधी कॅमेरा जमिनीला खिळवावा लागतो. ट्रायपॉड एकदा लावला की शूट संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. फोकस ऑटोवर ठेवायचा नाही, एक्स्पोजर बदलायचं नाही, खिडकीतलं ऊन आत-बाहेर करत असेल तर पडदा ओढून घ्यायचा. मग तुकडे गोळा करायला लागायचं. एक फ्रेम नुसत्या रिकाम्या टेबलाची. एक फ्रेम वाडग्याची. पुढच्या आठ-दहा फ्रेममध्ये वरून मुठीमुठीने फरसाण सोडायचं, कारण एका मुठीतल्या जेमतेम चार शेवा हव्या त्या जागी दिसतात. पाव तारेला टोचून टांगायचा आणि ती तार नंतर रिकाम्या टेबलाच्या फ्रेमने पुसून टाकायची. पळीतून सुटलेला तर्रीचा थेंब फ्लॅशच्या क्षणभर झगमगाटात गोठवायचा. वाफ सगळ्यात शेवटी. तिला मागे काळं कापड लागतं. एडिट करताना तो लेयर ‘स्क्रीन’ मोडवर टाकला की काळं सगळं नाहीसं होतं आणि पांढरी वाफ तेवढी उरते. ती मिसळीचीच असावी असं काही नाही, किटलीची असली तरी चालते.

मग हे पंधरा-वीस फोटो एकावर एक रचायचे आणि प्रत्येकातला नको तो भाग मास्कने झाकायचा. तासा-दोन तासांनी एक जिवंत, उसळणारी मिसळ तयार होते. पाव हवेत, शेव हवेत, लिंबाची फोड हवेत. हे दृश्य जगात एकदाही घडलेलं नसतं.

मी या कामावर पोट भरते. मोठ्या ब्रँडसाठी नाही, छोट्या हॉटेलांसाठी आणि खानावळींसाठी. मेन्यूकार्ड, दुकानाबाहेरचा बोर्ड, डिलिव्हरी अ‍ॅपवरचे चौकोनी फोटो. कामाबद्दल सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे सगळं खोटंच ना?” प्रश्न साधा आहे. पण त्याला मिळणारी दोन्ही तयार उत्तरं मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर असं, की हो, खोटंच, कारण तो क्षण कधी घडलाच नाही. हे उत्तर देणाऱ्याने एकदा स्वतःच्या फोनकडे पाहावं. संध्याकाळी गच्चीवर नाइट मोडमध्ये मित्राचा फोटो काढता, तेव्हा फोन एका दमात अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो आणि एक करून तुमच्या हातात ठेवतो. भर उन्हात एचडीआर तेच करतं. तुमच्या गॅलरीतले कितीतरी फोटो असे जोडलेलेच आहेत आणि तरी त्यांना तुम्ही खोटं म्हणत नाही.

ही रीत फोनने आणलेली नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जायचं. मग तो समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी घेऊन त्यांतून एकच चित्र छापायचा. १८५७ साली ऑस्कर रेलँडरने तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं. त्यावर वाद झाले, आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत विकतही घेतली. फोटो जोडणं हे जवळजवळ फोटोग्राफीइतकंच जुनं आहे.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर थेट खाण्याच्या वस्तूचं आहे. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज एक फ्रेम, असं महिनाभराहून जास्त काळ त्याचं चित्रण केलं. फ्रेम एकामागोमाग पळवल्या तेव्हा मातीतून कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढू लागली. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म. ती पाहून पैसे द्यायला लोक तयार झाले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आता सांगा, वाटाणा मिनिटभरात वाढतो का? नाही. पण फाळक्यांनी कुणाला फसवलं असं म्हणाल का? उलट, रोज डोळ्यांसमोर असून जे दिसत नव्हतं ते त्यांनी दाखवलं. त्यांनी फ्रेम एकामागे एक ठेवल्या, मी एकावर एक ठेवते. वेळेशी खेळ दोन्हीकडे आहे. म्हणजे क्षण एकच होता की अनेक, एवढ्यावरून खरं-खोटं ठरत नाही.

दुसरं तयार उत्तर माझ्या धंद्यातले लोक देतात. जाहिरात आहे हे सगळ्यांना कळतं, कुणी लहान मूल नाही, असं ते म्हणतात. पाव हवेत तरंगत नाही हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, हे खरंच आहे. हवेतल्या पावाने कुणी फसत नाही. पण रात्री अकराला नव्या शहरात, पीजीच्या खोलीत बसून अ‍ॅपवर एकशे वीस रुपयांचं काहीतरी शोधणाऱ्या मुलाकडे त्या फोटोखेरीज दुसरं काय असतं? हॉटेलात जाऊन बसलं की शेजारच्या टेबलावरची प्लेट दिसते, भटारखान्यातला वास येतो, फळ्यावरचा भाव दिसतो. अ‍ॅपवर यातलं काही नाही. तिथे फोटो हाच वास, फोटो हीच शेजारची प्लेट. जाहिरात म्हणून काढलेला फोटो तिथे वचन होऊन बसतो.

मग जोडलेल्या फोटोतलं काय चालेल आणि काय नाही, हे कशावरून ठरवायचं? मला यात सगळ्यात उपयोगी पडलेला विचार एका दाढीच्या क्रीमच्या खटल्यातला आहे. टीव्हीवरच्या जाहिरातीत कोलगेट-पामोलिव्हचं रॅपिड शेव्ह हे क्रीम सँडपेपरला लावून लगेच त्यावरून रेझर फिरवलेला दाखवला होता. प्रत्यक्षात समोर सँडपेपर नव्हताच, पारदर्शक प्लास्टिकवर वाळू चिकटवली होती. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६५ साली ही फसवणूक ठरली. त्या निकालात आइस्क्रीमचाही विषय आला. स्टुडिओच्या दिव्यांखाली आइस्क्रीम वितळतं, म्हणून कपात उकडून कुस्करलेला बटाटा ठेवतात. आनंदात खाणारी माणसं दाखवताना हातात असा कप असणं वेगळं, असं न्यायालयाने म्हटलं, कारण तिथे बटाटा कशाचा पुरावा म्हणून पुढे केलेला नसतो. सँडपेपर मात्र ‘बघा, खरंच होतं’ असं सांगायला ठेवला होता. शोभेची वस्तू आणि पुरावा यांतला हा फरक आहे.

हा फरक वाटतो तेवढा सरळ नाही. काही वर्षांनी तिथेच कॅम्पबेल सूपचं प्रकरण गाजलं. जाहिरातीतल्या वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या, त्यामुळे भाज्यांचे तुकडे वर आले आणि सूप भरगच्च दिसलं. कंपनीच्या बाजूने बोलायचं तर म्हणता येतं, की तुकडे खरे आहेत, ते नेहमी तळाशी बसतात आणि फोटोत दिसतच नाहीत, मग दाखवायचे कसे? मला हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही, कारण मिसळीचं अगदी हेच होतं. मटकी रश्शाखाली जाते, वर लाल तर्री तेवढी दिसते. म्हणून मी रस्सा ओतण्याआधी एक फ्रेम घेते आणि कडेची थोडी मटकी त्या फ्रेममधून वर आणते. ही मटकी म्हणजे माझी काचेची गोटीच की. पण गोटी जागा अडवते आणि ती पाहणाऱ्याला दिसत नाही. तो वरच्या थरावरून खालचा अंदाज बांधतो आणि नसलेल्या भाजीचे पैसे मोजतो. मी आणते ती मटकी त्याच वाडग्यातली असते, तेवढीच असते, आणि चमचा घातला की त्याला ती सापडते.

‘तेवढीच’ हा शब्द मला एका हॉटेलमालकाने नीट समजावला, त्याच्याही नकळत. पनीर मसाल्याचा फोटो चालला होता. वाटीत पाच तुकडे होते. लॅपटॉपवर पाहून तो म्हणाला, “ताई, दोन तुकडे वाढवा ना. तुम्हाला काय, कॉपी-पेस्टच करायचंय.”

मी म्हटलं, “वाढवू की. आत सांगा, वाटीत आणखी दोन घालतील. परत फोटो काढते.”

तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, “मग ते रोज घालायला लागतील.”

माझ्या मते या सगळ्या विषयावरचं सर्वांत नेमकं वाक्य हेच आहे. फोटोत घातलेलं ज्याला रोज घालावं लागेल, तो विचार करून घालतो. फोटो पाच तुकड्यांचाच गेला. तेव्हापासून प्रत्येक लेयरला मी तोच प्रश्न विचारते, हे रोज घालणार आहात का? हवेतल्या पावाला हा प्रश्न लागू होत नाही, कारण पाव हवेत मिळेल असं कुणी समजत नाही. मटकीला लागू होतो आणि ती त्यातून पार पडते. पनीरचे जास्तीचे तुकडे पडतात. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंड आहे, पण सहाव्या-सातव्या तुकड्यासाठी कुणी कोर्टात जात नाही. तिथे फक्त आपलं आपल्याशी असतं.

वाफेने मात्र हा प्रश्नही अडवला. डबे देणाऱ्या एका काकूंना मी आमटीचा फोटो दाखवला. वर छान वाफ होती. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “का गं, डबा पोचतो तेव्हा एवढी वाफ असते का?” आमटी त्या रोज गरमच भरतात, म्हणजे त्यांच्या बाजूने वाफ खरी. पण डबा उघडणाऱ्याच्या समोर ती नसते. म्हणजे ‘रोज घालाल का’ एवढं विचारून भागत नाही. ‘रोज पोचेल का’ हेही विचारावं लागतं. शेवटी आम्ही दोन फोटो केले. घराबाहेरच्या बोर्डावर वाफेचा, कारण तिथे उभ्या माणसाला आमटी पातेल्यातून मिळते. अ‍ॅपवर उघडा डबा, चार कप्पे, वाफेशिवाय. तोच पदार्थ, तेच हात, आणि तरी खरेपणा जागेप्रमाणे बदलला.

एवढं पाळलं तरी एक गोष्ट उरते, आणि ती मला जास्त टोचते. समजा प्रत्येक फोटो प्रामाणिक आहे, कुणी कुणाला फसवलेलं नाही. तरी रोज शंभर उसळत्या, उडत्या, ठिबकत्या प्लेटा पाहिल्यावर आपल्या ताटाचं काय होतं? पिठलं उडत नाही. ते पातेल्यात रटरटतं, ताटात येतं आणि पाच मिनिटांत त्यावर साय धरते. भाकरीतून चीज ओढलं जात नाही. ‘आमच्या घरच्या जेवणाचा फोटो काय काढायचा, ते दिसायलाच बोअर असतं,’ असं म्हणणाऱ्या मुली मला भेटतात. ते बोअर कधी ठरलं? कुणी एकाने ठरवलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हलणाऱ्या अन्नाला जिवंत म्हणायला सुरुवात केली, आणि जे शांत आहे ते आपोआप मेलेलं दिसू लागलं. यात गुन्हेगार नाही म्हणून दंडही नाही. तरी या हिशेबात माझा वाटा आहेच, कारण तो पाव मीच टांगते.

यावर उपाय म्हणून जोडकाम सोडून द्यावं असं मला वाटत नाही. ते कशासाठी करायचं हे मात्र बदलता येतं. अजिंठ्याच्या भिंतींवर एकाच कथेच्या चित्रपटात तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो, आधी इथे, मग तिथे. चित्रकाराला एक क्षण पुरत नव्हता, म्हणून त्याने अनेक क्षण शेजारी शेजारी ठेवले. सध्या मी भाकरीचा असा फोटो करते आहे. एकच ट्रायपॉड, एकच चूल, तीन फ्रेम. परातीत थापलेली भाकरी, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलेली भाकरी, आणि निखाऱ्याशी टम्म फुगलेली भाकरी. तिन्ही एका चित्रात, आणि थापणारे हात तिन्हींत तेच. यात काही उडत नाही. पण पीठ फुगतं, हे उडण्याहून कमी जिवंत कसं? फाळक्यांच्या वाटाण्यासारखं तेही रोज घडतं, आपण पाहायला थांबत नाही इतकंच.

तेव्हा यापुढे एखादा फोटो पाहून तोंडाला पाणी सुटलं, तर ‘एडिट केलाय का’ असं विचारू नका. केलेलाच असतो, तुमच्या फोननेही केलेला असतो. त्यातले तुकडे मोजा, आणि ताट समोर आलं की पुन्हा मोजा.